गोलात कोणाले उभं करता?

आज तालुक्याच्या शालेय हँडबॉल सामन्यात मैदानाच्या कडेला एक वाक्य कानावर पडलं आणि तेव्हापासून डोकं तापलेलंच आहे. "थे जाडी पोट्टी हाये ना, पयता येत नाही तिले, करा उभी गोलात!" सगळे हसले. पोट्टीही हसली. काय करील बिचारी, चौदाच्या आतली आहे.

अरे बाप्पा, गोल म्हणजे काय अडगळीची खोली आहे का?

नॉर्वेची कॅट्रिन लुंडे माहीत आहे? गोलकीपर. २००८, २०१२ आणि २०२४ ला ऑलिम्पिक सुवर्ण, मधल्या दोन ऑलिम्पिकला कांस्य. पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलला फ्रान्सला हरवलं तेव्हा बाई ४४ वर्षांच्या होत्या! युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग सात वेळा, तीन वेगवेगळ्या क्लबांकडून. फ्रान्सचा थिएरी ओमेयेर पाच वेळा विश्वविजेता, पहिलं विजेतेपद २००१ चं, शेवटचं २०१७ चं. उड्या मारणाऱ्यांचे गुडघे कुरकुरायला लागतात त्या वयात गोलकीपर मुरायला लागतो.

कारण साधं आहे. ९ मीटरवरून ताशी १०० किलोमीटरने आलेला बॉल साधारण ०.३२ सेकंदात जाळीत असतो. बॉल पाहून हात हलवला तर संपलं. खांदा, कोपर, उडी कोणत्या पायावर घेतली, मनगट कधी वळलं, हे वाचावं लागतं. ते हजारो शॉट अंगावर घेतल्यावरच येतं. आणि हे काम आपण कोणाला देतो? जिला कुठंच घ्यायचं नाही तिला.

आजची पोरगी टाचा रेषेवर ठेवून उभी होती, हात कमरेशी. विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या कोपऱ्यातून, शॉट आला तरी गोलाच्या मधोमध. तिला कोणी सांगितलंच नाही की विंगचा शॉट असेल तर जवळच्या खांबाला चिकटायचं, ती बाजू अंगानंच बंद करायची. समोर ९ मीटरवर बॉल असेल तर रेषेच्या मीटर-दीड मीटर पुढे यायचं. समोरची एकटी बचाव फोडून आत आली तर दोन-तीन पावलं थेट तिच्या अंगावर जायचं, पण तिच्या हातातून बॉल सुटायच्या आधी उडी नाही. हात खांद्याच्या उंचीला, तळवे समोर, कोपर किंचित वाकलेलं. कोपर ताठ ठेवलं की प्रत्येक बॉल ते मागं मोडतो आणि काही वर्षांत आतल्या बाजूनं असं दुखायला लागतं की बादली उचलवत नाही. आणि बॉल झेलायचा नाही, अडवायचा. ग्लोव्हज नसतात या खेळात, झेलायला गेलं की अंगठा गेला.

प्रत्येक गोलला लोक हसत होते, त्याचा जास्त राग आला. मोठ्या स्पर्धांत दहातले तीन अडवले तरी चांगला गोलकीपर म्हणतात, चार अडवले तर सामना त्याचा. म्हणजे लुंडेबाईंनाही दहातले सहा-सात खावेच लागायचे. या पोट्टीनं पायानं दोन सुरेख अडवले. एकदा तर डावा पाय असा झटकन बाहेर गेला की शिकवलेल्या मुलीचाही जात नाही. टाळी? एकही नाही.

हो, विंगचा शॉट अडवायला मोठ्या अंगाचा फायदा होतो, मान्य. आणि पीटीच्या सरांकडे दोनच बॉल असतात, तेही मान्य. पण त्या दोनातला एक पुरुषांचा, ५८ ते ६० सेंटीमीटर घेराचा, पाऊण किलोमीटर लांबच्या पंक्चरवाल्याकडून दगडासारखा टम्म भरून आणलेला, कारण पावसाळ्यात काळ्या मातीत टप्पा पडत नाही. या वयाच्या पोरींना १ नंबरचा लागतो, ५० ते ५२ सेंटीमीटरचा. तो मोठा बॉल आज थेट तोंडावर बसला, मध्ये एकही बचावपटू नव्हता. २०२२ पासूनच्या नियमानं फेकणारीला दोन मिनिटं बाहेर बसवायला हवं होतं. शिट्टी वाजलीच नाही. वरून "घाबरते कावो?" अहो, तोंडावर बसल्यावर कोण नाही घाबरणार?

बरं, रागावून झालं. शाळेतल्या कोणी वाचत असाल तर सामन्याआधी गोलकीपरला गरम करा. ९ मीटरवरून, हळू, ठरवून: आधी सगळे वर उजवीकडे, मग वर डावीकडे, मग कमरेला, शेवटी खाली. कुठे येणार हे तिला माहीत असू द्या, हात-पाय आपोआप सुटतात. लांब बाह्यांचा शर्ट आणि फुल ट्रॅकपँट द्या.

आणि मुरमावर पाय पसरून घसरायला शिकवू नका, मांड्या सोलून निघतात. घराघरात जुन्या कापसाच्या गाद्या पडून आहेत, त्यातल्या चार शाळेत पोचवा, घसरणं त्यांवर शिकवा. खालून पोतं शिवून घ्या, नाहीतर सरकतात.