पेनड्राइव्ह रिकामाय, तरी कॉपी होईना!

३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह, आत एक फाइल नाही. तरी ६ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ टाकायला गेलं की कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या दुकानात लग्नसराईत हे रोजचंच. नवरीचे काका काउंटरवर उभे, बाहेर गाडी चालू, तासगाव गाठायचंय. "अहो दादा, रिकामाच दिसतोय की!"

दिसतोय हो काका! जागेचा प्रश्नच नाही. असले पेनड्राइव्ह फॅट३२ या फाइली साठवायच्या पद्धतीत (फाइल सिस्टिममध्ये) फॉरमॅट होऊन येतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही. ही पद्धत १९९६ सालची. तेव्हा एवढे व्हिडिओ होते कुणाकडं? आता खिशातला मोबाइल फोरके शूट करतोय. ही अडचण नसलेलं एक्सफॅट २००६ पासून आहे, मग कंपनीवाल्यांनो, अजून जुनंच का गळ्यात मारता? निदान पाकिटावर एक ओळ तरी ठळक छापा! आणि एररमध्ये नुसतं 'फाइल सिस्टिम' म्हणून काय कळणार माणसाला? 'आतला डेटा काढून घ्या, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा' एवढं सरळ लिहायला काय जातं?

त्याहून डोकं फिरतं ते ९९ टक्क्यांवर. हिरवी पट्टी भरलेली, वेग शून्य, पेनड्राइव्हचा दिवा मात्र लुकलुकतोय, म्हणजे आत लिहिणं चालूच आहे. नेमकं तेव्हाच कुणीतरी "झालं की!" म्हणून तो उपटतं. मग घरी मंगलाष्टकं संपायच्या आत व्हिडिओ बंद पडतो आणि शिव्या आम्हाला.