रॅड म्हणजे ‘ठरवू नका, बनवत सुटा’ नव्हे

‘रॅपिड ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट, म्हणजे रॅड, वापरा: नियोजन नको, प्रोटोटाइप दाखवा आणि तोच चालू करा, लो-कोड घेतलं की काम झालं, कुठल्याही प्रकल्पाला चालतं.’ हा मजकूर सध्या जोरात फॉरवर्ड होतोय. रॅड ही सॉफ्टवेअर झटपट बनवायची पद्धत; प्रोटोटाइप म्हणजे कच्चा नमुना, आणि लो-कोड म्हणजे फारसा कोड न लिहिता सॉफ्टवेअर बनवायची साधनं. त्यातली चारही विधानं तपासायला हवीत.

नियोजन नको? रॅड मांडणाऱ्या जेम्स मार्टिन यांनी 1991 च्या पुस्तकात रॅडचे चार टप्पे दिले, त्यातला पहिलाच गरजा ठरवण्याचा आहे. वेग येतो तो टाइमबॉक्समुळे, म्हणजे आधीच पक्क्या केलेल्या मुदतीमुळे. तारीख हलत नाही; वेळेत न बसणारी फीचर्स पुढच्या खेपेला ढकलतात. कुठली ढकलायची हे आधी ठरवलेलं नसेल तर शेवटच्या आठवड्यात नुसती हाणामारी होते.

प्रोटोटाइप तोच माल, हे अर्धं खरं आहे. मार्टिन यांच्या पद्धतीत प्रोटोटाइप वाढत वाढत खरी सिस्टीम होतो. पण त्याचं पहिलं काम प्रश्न बाहेर काढणं. गोदामातल्या माणसाला आवक नोंदीचा कच्चा स्क्रीन दाखवा. तो लगेच विचारेल, ‘एकाच चलनावर दोन बॅच आल्या तर? एक्स्पायरी वेगवेगळी असते.’ चाळीस पानी दस्तऐवजावर सही करतानाही त्याला हे सुचलं नसतं. म्हणून वापरणारा माणूस टीमसोबत बसलेला लागतो, आणि तोही निर्णय घेऊ शकणारा. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारा पाठवला की रॅड तिथेच बसलं. तो स्क्रीन पसंत पडला, तरी परवानग्या, बॅकअप, एकाच वेळी दोघांनी तीच नोंद बदलली तर काय, हे सगळं बाकीच असतं. डेमोला टाळ्या पडल्या की हे नेमकं कुणाला आठवत नाही.

लो-कोड म्हणजे रॅड, हा घोळ जुनाच. व्हिज्युअल बेसिक आणि 1995 चं डेल्फी आलं तेव्हाही लोक साधनालाच पद्धत समजत. बटणं ओढून फॉर्म पटकन तयार होतो, पण दोन बॅचचा प्रश्न कुठलंच टूल विचारत नाही.

राहिलं ‘कुठल्याही प्रकल्पाला’. पेसमेकरमधलं किंवा विमान चालवणारं सॉफ्टवेअर असं करू नये. तिथे फीचर पुढच्या खेपेला ढकलायची सोय नसते आणि प्रत्येक बदलाचा लेखी माग ठेवावा लागतो. कार्यालयातली रजा-अर्जाची सिस्टीम मात्र खुशाल करा, फक्त एचआरचा माणूस रोज तासभर मिळणार आहे का, ते आधी विचारा.