बॉस्के रेडोंडो: ‘वसाहत’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘१८६३ ते १८६८ या काळात अमेरिकी लष्कराने लुटारू नवाहो आणि अपाचे या मूलनिवासी जमातींना न्यू मेक्सिकोत पेकोस नदीकाठी बॉस्के रेडोंडो इथे वसवलं, शिधा दिला, शेती शिकवली. निसर्ग कोपला म्हणून हाल झाले. शेवटी सरकारनेच उदारपणे त्यांची जमीन परत केली.’

‘वसवलं’? मेस्कालेरो ही अपाचेंची एक शाखा. तिचे पुरुष दिसतील तिथे ठार करा, असा न्यू मेक्सिकोतला लष्करप्रमुख जनरल जेम्स कार्लटनचा मोहिमेवरच्या किट कार्सन या अधिकाऱ्याला आदेश होता. नवाहोंना उपासमारीने शरण आणलं: मक्याची शेतं जाळली, मेंढ्या मारल्या, कॅन्यन डी शे या नवाहोंच्या दरीतली पीचची हजारो झाडं तोडली. मग तुकड्या-तुकड्यांनी पाचशेहून अधिक किलोमीटर पायी हाकललं. नवाहोंनी धाडी घातल्या, हे खरं. पण त्यांच्या बायकामुलांना पळवून गुलाम करणारे न्यू मेक्सिकोतले लोक या मजकुरात कुठेच नाहीत.

‘निसर्ग कोपला’ ही तर सर्वांत मोठी थाप. इथलं पाणी खारट आहे, लाकूडफाटा नाही, पुराचा धोका आहे, असं लष्कराच्याच अधिकाऱ्यांच्या समितीने १८६२ मध्ये कळवून दुसरी जागा सुचवली होती. कार्लटनने ऐकलं नाही. सोय सुमारे पाच हजारांची, माणसं आली साडेआठ हजारांच्या आसपास. १८६४ मध्ये मका भरात असताना लष्करी अळी पडली. पुढच्या वर्षांतही पिकं गेली. त्या पाण्याने हगवण लागे. जवळची झाडं संपल्यावर मेस्किट या काटेरी झुडपाची मुळं खणून मैलोन्‌मैल पाठीवर आणावी लागत. शिध्यात यायचं ते पीठ आणि कॉफीच्या बिया. बिया घेवड्यासारख्या उकळून पाणी फेकून दिल्याच्या आठवणी नवाहो घराघरांत सांगतात. शिध्याची तिकिटं पुरेनात तेव्हा लोकांनी हुबेहूब नकली बनवली. दोन हजारांच्या आसपास माणसं तिथेच दगावली.

इतकी चांगली वसाहत होती, तर ३ नोव्हेंबर १८६५ च्या रात्री मेस्कालेरो झाडून सगळे का पळाले? मागे उरले ते फक्त आजारी आणि अपंग.

राहिला उदारपणा. खर्च वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरात गेला होता. सरकारच्या वतीने बोलणी करणाऱ्या जनरल शर्मनने नवाहोंना आणखी पूर्वेकडच्या इंडियन टेरिटरीत (आजच्या ओक्लाहोमात) पाठवण्याचा पर्याय पुढे केला. नवाहोंचा नेता बार्बोन्सितो याने तो साफ नाकारला. १ जून १८६८ च्या तहात त्यांना मिळाले सुमारे ३५ लाख एकर, म्हणजे मूळ मुलखाचा एक तुकडा. वर सहा ते सोळा वयाची मुलं इंग्रजी शाळेत घालायची सक्ती.