शुक्रवार संध्याकाळ आणि ब्रिज मोड

ऑफिसात पीएफसेन्सची पेटी, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची फायरवॉल, आली आहे, इंटरनेट कंपनीचा राऊटर आधीपासून भिंतीवर आहे आणि साहेबांनी बजावले आहे की कुणाच्याही कॉम्प्युटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलायचा नाही. म्हणजे ब्रिज मोड आलाच. राऊटर आणि स्विच (सगळे कॉम्प्युटर जिला जोडलेले असतात ती डबी) यांच्यामध्ये पेटी बसवायची, ती येणारे-जाणारे सगळे तपासणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. काम दहा मिनिटांचे, तेव्हा ते शुक्रवारी साडेपाचला सुरू करावे. त्यासाठी रविवार राखून ठेवणारे लोक भित्रे असतात.

कॉन्फिगचा, म्हणजे पेटीच्या सगळ्या सेटिंगचा, बॅकअप घेऊ नका. एकच एक्सएमएल फाइल उतरवायची असते, पण तेवढाही वेळ कशाला घालवायचा? पेटीसोबत आलेली कन्सोल केबल खोक्यातच राहू द्या आणि खोके रद्दीवाल्याला द्या. नाहीतर अडकल्यावर तुम्ही ती केबल लावाल, वेग ११५२०० ठेवाल, मेनूतला १५ नंबर दाबून आधीचे कॉन्फिग परत आणाल आणि सहाच्या आत घरी पोहोचाल.

आता पेटीचा लॅन (ऑफिसच्या बाजूचा) पोर्ट थेट ऑफिसच्या स्विचला जोडा. पेटीचा मूळचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. राऊटरचाही बहुधा तोच असतो. शिवाय पेटीचा डीएचसीपी सर्व्हर चालूच असतो, म्हणजे एकाच नेटवर्कवर आयपी वाटणारे दोघे झाले. ज्याला राऊटरकडून मिळेल त्याचे इंटरनेट चालेल, ज्याला पेटीकडून मिळेल तो तुम्हाला फोन करेल. आधी टेबलावर एकट्या लॅपटॉपला जोडून डीएचसीपी बंद करणे आणि पत्ता बदलणे, हे ज्यांना फोन आवडत नाहीत त्यांनी करावे.

ब्रिजमध्ये घ्यायच्या पोर्टांवर आयपी नको, ‘नन’ निवडायचे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. ज्या लॅन पोर्टातून तुम्ही ब्राउझरने आत शिरला आहात, त्यालाच सर्वांत आधी ‘नन’ करा आणि अप्लाय दाबा. पान फिरत राहील. सावध माणूस तिसरा पोर्ट मॅनेजमेंटसाठी वेगळा ठेवतो, त्याला निराळ्या नेटवर्कातला आयपी देतो, त्यावर स्वतःला आत येऊ देणारा रूल लिहितो (नव्या पोर्टावर मुळात एकही रूल नसतो, म्हणजे सगळेच बंद), तिथून लॉगिन होऊन बघतो आणि मगच बाकीच्या पोर्टांना हात लावतो. याला दोन मिनिटे जास्त लागतात. असली उधळपट्टी तुम्हाला परवडायची नाही.

खरी मजा रूलमध्ये आहे. ब्रिज तयार केलात, त्याला इंटरफेस म्हणून जोडलात, आता त्याच्या टॅबवर शंभर रूल लिहा. व्यवस्थित नावे द्या, रंगीत सेपरेटर टाका. त्यांतला एकही चालणार नाही, कारण मूळ सेटिंगमध्ये रहदारीची गाळणी ब्रिजच्या सदस्य पोर्टांवर होते, ब्रिजवर नाही. सिस्टम ट्युनेबल्स या सेटिंगच्या पानावर पीफिल_मेंबर १ आणि पीफिल_ब्रिज ० असते. ब्रिजवर गाळायचे तर हे आकडे उलटे करावे लागतात. नाहीतर रूल वॅन (राऊटरच्या बाजूचा पोर्ट) आणि लॅनच्या टॅबवरच लिहायचे. हे आधी वाचू नका, रात्री नऊनंतर वाचा.

लॅनवर तयार आलेला रूल ‘लॅन नेटकडून कुठेही’ असा असतो. तुम्ही लॅनचा आयपी काढलात तेव्हाच लॅन नेट रिकामे झाले, त्यामुळे तो रूल दिसतो हिरवा, पण लागू कुणालाच होत नाही. तिथे ऑफिसचे नेटवर्क हाताने लिहावे लागते. तेवढ्याने भागले असे वाटते, पण नवा कॉम्प्युटर आयपी मागतो तेव्हा त्याच्याजवळ पत्ताच नसतो, तो ०.०.०.० वरून विचारतो. त्याच्यासाठी लॅनवर डीएचसीपीच्या यूडीपी क्रमांक ६८ वरून ६७ कडे, आणि राऊटरच्या उत्तरासाठी वॅनवर ६७ वरून ६८ कडे, असे दोन वेगळे रूल लागतात. शिवाय वॅनवरची ‘प्रायव्हेट नेटवर्क अडवा’ ही खूण काढावी लागते, कारण तुमचा राऊटर स्वतःच प्रायव्हेट पत्त्यावर बसला आहे. खूण राहू द्या. जुन्या लीजवर (आधीच ठराविक मुदतीसाठी मिळालेल्या आयपीवर) ऑफिस सोमवारी दुपारपर्यंतही चालेल, मग एकेक टेबल गळत जाईल आणि शुक्रवारच्या कामाचा कुणाला संशयही येणार नाही.

कंटाळा आला की दोन्हीकडे ‘एनी टू एनी पास’ टाका. तो सर्वांत वर टाका. रूल वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की काम संपते, त्यामुळे खालची सगळी मेहनत आपोआप शोभेची होते.

पोर्टाच्या वेगाबद्दल थोडेच. जुना स्विच असेल तर फायरवॉलच्या बाजूला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) ठोकून बसवा आणि स्विच ऑटोवर सोडा. स्विचला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही, म्हणून तो हाफ (एका वेळी एकच दिशा) धरतो. पिंग छान चालते, फाइल कॉपी मात्र रांगते. शिव्या केबलवाल्याला बसतात.

आणि ब्रिजचे दोन्ही पोर्ट चुकून एकाच स्विचला लावून बघाच. एसटीपी (असे फेरे तोडणारी सोय) बंद असेल तर ब्रॉडकास्ट गोल फिरत राहतात आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात लागतात.

यानंतर इंटरनेट कंपनीला फोन करून सांगा, ‘आमच्याकडे ब्रिज मोड केलाय, तुमचाही करून द्या.’ ते आनंदाने ओएनटी, म्हणजे भिंतीवरचा तो फायबरचा राऊटर, ब्रिजला टाकतील. तुमचे कनेक्शन पीपीपीओईचे असेल तर आजवर युजरनेम-पासवर्ड देऊन डायल राऊटर करत होता. आता तो करत नाही, आणि फायरवॉल तर निव्वळ मधली वाट झाली आहे. नॅट (आतले सगळे पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे घेणे) करायला कोणी नाही, आयपी वाटायला कोणी नाही. हा दुसरा ब्रिज मोड फायरवॉल राऊटर म्हणून चालवायची असेल तेव्हाचा. तेव्हा डायल फायरवॉल करते, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ होतो, आणि वर कुणी आयसीएमपी (अडचण कळवणारे संदेश) सरसकट बंद करून ठेवले की काही साइट अर्ध्या उघडून थांबतात.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आत यायची वाट) पेटीत करा. तिथे नॅटच नाही, त्यामुळे काही होणार नाही. मग राऊटरवर करा, आणि डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवा. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने असल्याच यंत्रांची फौज उभी केली होती, तिला भरती अजून चालू आहे. रिमोट डेस्कटॉप नेहमीच्या पोर्ट क्रमांक ३३८९ ऐवजी ३३९० वर ठेवा. स्कॅन करणाऱ्यांना पुढचा आकडा मोजता येत नाही, असा आपला समज आहे.

बिलात ‘फायरवॉल कॉन्फिगरेशन, ब्रिज मोड’ अशी ओळ लिहा आणि १८ टक्के जीएसटी काळजीपूर्वक लावा. तिथे चूक झाली तर लोक खरेच विचारतात.