होडीला भोक

होडी घेतल्याला तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत मी तिची भोकं बुजवण्यापलीकडे फारसं काही केलेलं नाही. अठरा फुटी, फायबरची, तीन हात फिरून माझ्याकडे आलेली. आधीच्या प्रत्येक मालकाने तिला काही ना काही ठोकलं आणि विकताना ते उपटून नेलं. दर पावसाळ्यात ती देवबागच्या आमच्या माडांत झापांखाली विसावली की मी रेझिन आणि पॉलिशपेपर घेऊन तिच्या पोटाखाली शिरतो. अशा माणसाच्या हातात यंदा जुलैत ड्रिल आलं. होडीचा जो एकच भाग आजवर गळला नव्हता, त्या पाठच्या फळीला मी आपण होऊन भोक पाडणार होतो.

मुंबईहून भाच्याने पाण्याची खोली मोजणारा सेन्सर पाठवला होता. पाठवण्याचं कारण असं की गेल्या साली उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मी याच भाच्याला, त्याच्या बायकोला आणि तिच्या आईला घेऊन संगमावर वाळूत रुतलो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली वाळू दर पावसाळ्यात बिऱ्हाड हलवते. मागच्या वर्षीची वाट पाठ असून काही उपयोग नाही. पाणी पुन्हा चढेपर्यंतच्या चार तासांत भाच्याची सासू एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर सेन्सर स्वस्तातला आला असता.

सेन्सर म्हणजे साबणाच्या वडीएवढा काळा तुकडा आणि त्याच्या बुडाशी चिमुकलं पाणचाक. वडी आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते, तो तळाला आपटून परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर पळतो, तेव्हा जाऊन यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते. पाणचाक किती भराभर फिरतं त्यावरून वेग. आमच्या घरात मी मारलेल्या हाकेला स्वयंपाकघरातून ओ यायला किती वेळ लागतो, त्यावरून मलाही पाण्याची खोली बरोबर कळते. तिथे आकड्यांचा पडदा तेवढा नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे सल्ला द्यायला अख्खा गाव मोकळा. शेजारचे तांडेलकाका तर खुर्ची घेऊनच आले. त्यांचं सगळं माप वावात. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट, आणि खाडीतल्या वाळूसाठी हातात येळू, म्हणजे लांब बांबू.

"पाणी किती हा ता बघूक यंत्र होया? आणि मगे येळू कित्याक असा? कपडे सुकत घालूक?"

माहितीपत्रकात लिहिलं होतं, सेन्सर उजव्या बाजूला लावा, पंख्यापासून लांब. त्यामागे कारण आहे. होडीच्या मागे उभं राहून बघितलं तर बहुतेक इंजिनांचा पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. उजवीकडची पाती खाली जातात, डावीकडची वर येतात आणि येताना बुडबुडे घेऊन येतात. बुडबुड्यांतून आवाज धड जात नाही. इथपर्यंत आमचं एकमत होतं. पण मी होडीत मागे तोंड करून बसलेलो आणि काका बाहेर नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे. अर्धा तास आम्ही आपापल्या उजव्या बाजूसाठी भांडलो. शेवटी ही परसातून आली आणि म्हणाली, "जेवता कुठल्या हाताने?" आम्ही दोघांनी उजवे हात वर केले. ते दोन दिशांना गेले. ही परत आत गेली.

खुणा केल्या, वर मास्किंग टेप लावली. फायबरच्या चकचकीत थराचे टवके उडू नयेत म्हणून ड्रिल आधी उलटं फिरवायचं असतं. तसं फिरवलं. पांढरी पूड उडाली. मग सुलटं. आणि एकाएकी बिटला तांबूस भुसा लागला. फळीच्या आत प्लायवूड असतं, हे मला माहीत होतं. तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. एकदा का त्यात पाणी शिरलं की आतल्या आत कुजत जातं आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून प्रत्येक भोकात सीलंट भरूनच स्क्रू पिळायचा.

"बुडली," काका शांतपणे म्हणाले. होडी पाण्यापासून पन्नास पावलांवर, माडाला बांधलेली होती.

मी सीलंट इतकं भरलं की स्क्रू दिसेनासे झाले. एक ट्यूब संपली. माझ्या कोपराला लागलेलं गणपतीपर्यंत निघालं नाही. सेन्सरचा तळ होडीच्या तळाच्या ३ मिलिमीटर खाली हवा, तोही मी स्वयंपाकघरातली फूटपट्टी लावून ठेवला. (ती हिची शिवणकामाची होती, हे मला नंतर सांगण्यात आलं.)

नारळीपौर्णिमा झाल्यावर होडी पाण्यात गेली. उभ्या उभ्या पडद्यावर आकडा आला, २.४ मीटर. काकांनी येळू घातला, ओला भाग हाताने मोजला. "सव्वा वाव. वायच वर." आकडा जुळला होता. काकांनी नाइलाजाने मान हलवली. मग मी इंजिन वाढवलं आणि आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या.

होडीच्या तळाला लांबीत उंच पट्ट्या असतात. त्यातल्या एका पट्टीच्या नेमक्या मागे मी सेन्सर बसवला होता. वेग आला की तिथून फेस निघायचा आणि वडी फेसाशीच बोलत बसायची. होडी पुन्हा वर, दोन पट्ट्यांच्या मधली सपाट जागा, नवी तीन भोकं. जुनी तीन बुजवायला पुन्हा रेझिन आणि पॉलिशपेपर. खरं सांगायचं तर या कामात मला घरी आल्यासारखं वाटलं.

या वेळी पळत्या होडीतही आकडे टिकले. सप्टेंबरात एका दुपारी काकांना घेऊन मी मुद्दाम संगमावर गेलो, मुद्दाम सुकतीला. येताना डोळे पडद्यावरून हलवले नाहीत. १.९. १.६. १.४. निवांत होतो. १.१ ला नाळ खरखरली आणि होडी थांबली.

सेन्सर बसवला होता शेपटीला. तो शेपटीखालचं पाणी दाखवत होता, म्हणजे ज्या पाण्यावरून आम्ही सुखरूप पुढे आलो होतो ते. मी इंजिन बंद केलं. खाडीचं पाणी आमच्या दोन्ही अंगांनी सळसळत समुद्राकडे निघालं होतं आणि जाता जाता पाणचाक फिरवत होतं. त्या चाकाला पाणी कळतं, जमीन कळत नाही.

काका येळू घेऊन नाळेवरून खाली उतरले. घोट्याएवढं पाणी.

"यंत्र काय म्हणता?"

"एक पॉइंट एक मीटर."

"आणि येग?"

मी पडदा पुसून पुन्हा बघितला. "ताशी तीन किलोमीटर."

काकांनी बिडी पेटवली, किनाऱ्याकडे बघितलं. "मगे घराक कधी पोचतलंव?"

घर दीड किलोमीटरवर. "अर्ध्या तासात," मी म्हणालो आणि डबा उघडला.