कुकर नळाखाली धरण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, गरम कुकर नळाखाली धरू नका असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं, की मी लोकांना उगाच घाबरवतेय. तुमच्याकडे 30 वर्षं एकच कुकर आहे, वरण-भात रोज डब्यांत लावता, घाईत कुकर नळाखाली धरता, आणि काही झालंच तर सेफ्टी वाल्व आहेच.

कुकर जुना असण्याला माझी हरकत नाही. भांडं टिकतं, रबर आणि वाल्व बदलावेच लागतात.

डब्यांत लावता म्हणूनच आजवर निभावलं, असं मला वाटतं. डाळीचा फेस बहुतेक डब्यातच राहतो. पण त्याच कुकरमध्ये कुणी थेट मुगाची खिचडी टाकली, की गोष्ट वेगळी. शिट्टी होते तेव्हा आत 120 अंशांच्या आसपास तापमान असतं. पुण्यात उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. नळाखाली धरलं की आतला दाब झपकन उतरतो, खिचडी मात्र तशीच तापलेली. ती झाकणाखाली खळाखळा उकळते, फेस वर चढतो, एखादं सालपट झाकणातल्या शिट्टीखालच्या नळीत बसतं. मग शिट्टी उचलली तरी फुस्स होत नाही. आपल्याला वाटतं कुकर पडला, आणि वाफ आतच असते! 20 सेंटिमीटर रुंद झाकणावर पूर्ण दाबाला 300 किलोच्या वर जोर असतो. दहावा हिस्सा उरला तरी 30 किलो. म्हणून झाकण अडलं तर ओढाताण नको. थांबा. आणि डाळ थेट शिजवताना कुकर निम्म्याच्या वर भरू नका.

सेफ्टी वाल्वबद्दल मी अजिबात सहमत नाही. त्यातला धातू ठरावीक तापमानाला वितळतो आणि वाफेला वाट मिळते, पण आतून त्यावर खरकटं वाळून बसलं असेल तर त्याच्यावर भिस्त कशी ठेवायची? आज झाकण उलटं करून बघा. नळीतून पलीकडचा उजेड दिसायला हवा. वाल्व उडाल्यावर त्या भोकात स्क्रू बसवलेला कुकर मी पाहिलाय. अंगावर काटा आला.

डब्यांच्या पद्धतीतही तळाचं पाणी आटू शकतं. नेहमीच्या वेळात शिट्टी आली नाही, तर आधी गॅस बंद करा.

रबराची रिंग आणि वाल्व पुण्यात तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानांत मिळतील. जाताना झाकण बरोबर न्या, आणि घ्याल तो तुमच्या कुकरच्या कंपनीचाच घ्या.