मावशींचा अंगठा

आज मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात धान्यवाटप झालं. गहू, तांदूळ, तूरडाळ, गोडेतेलाची पिशवी. रांगेत सोलापूरजवळच्या कुंभारीच्या एक मावशी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. त्यांच्या हातात पिशवी दिली, मोबाइलवर फोटो काढला, टाळ्या झाल्या. मग मावशींनी बाजूला येऊन हळूच विचारलं, "चार महिने झाले, पेन्शन येईना. बँकेत थम लागंना म्हणतेत. काय करू?" उत्तर मिळालं, "प्रार्थना करू या, मावशी."

तेव्हापासून मन ताळ्यावर नाही, म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

थम का लागत नाही? तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून अंगठा आणि तर्जनीत वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार विड्या म्हणजे अंगठा हजार वेळा पानावर घासला. असं चाळीस वर्षं. त्या अंगठ्यावर रेषा राहतील कुठून? आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला देताना मशीन नेमक्या त्याच रेषा मागतं. दाखला नाही म्हणून पेन्शन बंद. ज्या कामाची पेन्शन, त्याच कामानं ती अडवली.

पण अंगठा हा एकच रस्ता नाही. डोळ्यांच्या बुबुळावरून दाखला निघतो, आणि गेली काही वर्षं चेहऱ्यावरूनही निघतो. साध्या अँड्रॉइड फोनवर 'जीवन प्रमाण' आणि आधारचं फेस आरडी, ही दोन अ‍ॅप घ्यायची. आधी फोन चालवणाऱ्यानं स्वतःची आधार ओळख द्यायची, मग पेन्शनरचा आधार नंबर, मोबाइलवर येणारा ओटीपी, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा) आणि बँक खातं भरायचं. चेहरा उजेडात धरायचा, चष्मा काढायचा, पापणी मिटून उघडायची. पंधरा मिनिटांचं काम. चूक होते ती पुढच्या रकान्यात: पेन्शन ईपीएफओची (म्हणजे पीएफ ऑफिसची) असताना यादीतून पेन्शन देणारी भलतीच संस्था निवडली जाते, किंवा पीपीओचा एखादा आकडा चुकतो. मग दाखला तयार झालेला दिसतो, पण पुढे नाकारला जातो, आणि बाई महिनाभर वाट बघत बसते. म्हणून तो स्वीकारला गेला का, हे दोन-चार दिवसांनी तपासायचंच. स्वीकारला की अडकलेल्या महिन्यांचे पैसेही येतात, आणि दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो.

आता सांगा. ज्या फोननं मावशींचा फोटो काढला, त्याच फोननं, त्याच अंगणात, त्याच उन्हात मावशींची पेन्शन सुरू झाली असती. चेहरा तोच होता. आपण तो धान्याच्या पिशवीसोबत टिपला आणि ग्रुपवर टाकला.

आणि पेन्शन तरी किती? कर्मचारी पेन्शन योजना १९९५ ची. किमान दहा वर्षं नोकरी, वय ५८, आणि २०१४ पासून किमान रक्कम १,००० रुपये. म्हणजे दिवसाला ३३ रुपये. हिशोब असा की पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. विडीच्या कामात नोंदलेला पगारच इतका कमी की २० वर्षं भरूनही आकडा हजाराच्या आसपास घुटमळतो. कारण कारखान्याच्या एका कामगार कार्डावर आई, लेक आणि सून अशा तिघी वळतात, नोंद एकीचीच होते. पान कमी पडलं तर पदरच्या पैशानं आणायचं. तपासताना काही विड्या खराब म्हणून छाट काढल्या तर त्यांची मेहनत गेलीच.

त्यात नावांचा घोळ वेगळाच. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायकांचं कारखान्याच्या रजिस्टरात माहेरच्या घराण्याचं नाव, आधारवर नवऱ्याचं आडनाव, आणि जन्मतारीख कारकुनानं अंदाजानं टाकलेली. ती दुरुस्त करायला संयुक्त घोषणापत्र लागतं, त्यावर बहुतेक वेळा मालकाची सही लागते. कारखाना बंद पडला असेल तर सही कुणाची आणायची, इथं गाडं रुततं. या बायका एकट्या गेल्या तर खिडकीवरूनच परत येतात. सोबत लिहिता-वाचता येणारं कुणी असलं की काम होतं. बस, एवढंच लागतं, सोबत!

हे चर्चचं काम नाही, असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं आपली श्रद्धाच नीट वाचलेली नाही. आपल्या सोलापूरची जुनी मिल, म्हणजे पहिली कापड गिरणी, १८७७ ची. त्यानंतर चौदा वर्षांनी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे पत्र काढलं. त्यात स्पष्ट आहे की गरजेपोटी किंवा भीतीपोटी मजुरानं कमी मजुरी कबूल केली, तरी तो करार न्यायाचा होत नाही. तो त्याच्यावर झालेला जुलूमच. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ हेच सांगतो (परिच्छेद २४३४), आणि ज्या पापांची हाक स्वर्गापर्यंत जाते त्यांत मजुरावरचा अन्याय मोजतो (परिच्छेद १८६७). बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात तर आज्ञा आहे की मजुरी त्याच दिवशी द्या, सूर्य मावळायच्या आत. मावशींचे चार महिन्यांचे सूर्य मावळलेत.

२०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले आणि त्यांनी लिओ हे नाव घेतलं, त्याच १८९१ च्या पत्राची आठवण ठेवून. आपण आनंदानं मेसेज पाठवले. दरवर्षी १ मे ला श्रमिक संत योसेफाचा सण येतो. मग पापनिवेदनाला जाताना घरच्या भांडेवालीला आपण किती देतो, तिचे खाडे धरून किती कापतो, हे का नाही येत तोंडावर? आपल्या संस्थांमधल्या झाडूवाल्या, वॉचमन, स्वयंपाकीण यांचा पीएफ कापला जातो का, भरला जातो का? वीस माणसं कामाला असली की तो कायद्यानं लागतो. ज्यांच्या हातात वह्या आहेत त्यांनी उत्तर द्यावं, मला नको, त्या बायकांना द्यावं.

कुंभारीची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आठवा. विडी कामगार बायकांनी कामगार नेते नरसय्या आडम मास्तर यांच्या मागं लाल बावटा धरून, मोर्चे काढून ती घरं मिळवली. ते लाल बावटेवाले देव मानोत न मानोत, मजुरीचा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. आपल्याकडे तर त्याचं धर्मशास्त्र आहे, सव्वाशे वर्षांहून जुनं.

दान वाईट नाही, हे मान्य. नवे पोप 'दिलेक्सी ते' या पत्रात दान सोडू नका असंच लिहितात. विडी हे विष आहे, तेही मान्य. पण ते वळून झिजलेला अंगठा मावशींचा आहे.

आणि हो, वाटप करणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. सकाळी सहापासून ती पोती उतरवत होती, घामानं शर्ट भिजले होते. फादरही एकटेच, मिस्सा करून पुढच्या गावाला पळणारे. ज्यांनी प्रार्थनेचं उत्तर दिलं त्यांच्या डोळ्यांतही पाणी होतं, ते मी पाहिलं. काय करायचं हे माहीत नव्हतं, एवढंच. म्हणून तर वर सगळं लिहिलंय.

पण मावशी गेल्या तशा गेल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात जपमाळ. मणी ओढायला तोच अंगठा.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर अंगणातल्या झाडाखाली, उजेडाच्या बाजूला, टेबल लावू या. दोन फोन, चार्जर आणि एक वही. येणाऱ्यांना आधार, बँकेचं पासबुक, पीपीओचा कागद आणि आधारला जोडलेला मोबाइल आणायला सांगा. मोबाइल मुलाकडे असेल तर मुलालाही. ज्यांचं नाव जुळत नाही त्यांची वेगळी यादी करू, आणि त्यांच्यासोबत पीएफ ऑफिसला जायला आठवड्यातला एक दिवस कोण देईल ते खाली लिहा. मावशींना निरोप पोचवलाय. पीपीओचा कागद ट्रंकेत आहे म्हणाल्या, शोधतायत.